लोडाला टेकलेला गणपती

रोह्याच्या कॉलेजात दिनानाथ म्हात्रे गणित शिकवायला लागला त्याला तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती. घर कासूला. पनवेलहून रोह्यापर्यंत गाडी नुकतीच सुरू झाली होती, म्हणून रोह्यातली भाड्याची खोली सोडून तो पुन्हा घरी राहायला आला होता. वडील दाजी भात कापून झालं की त्याच शेतात वाल पेरायचे. मुलगा प्राध्यापक झाला याचा त्यांना अभिमान होता, पण तो नेमकं काय करतो हे कुणी विचारलं तर म्हणायचे, "आकडे शिकवतो. मोठ्या पोरांना."

त्या वर्षी कॉलेजात जानेवारीत गणिताचं चर्चासत्र घ्यायचं ठरलं. मुंबई विद्यापीठातून कोरगावकरबाई अध्यक्ष म्हणून येणार होत्या. प्राचार्यांनी स्टाफरूममध्येच प्रत्येकाला विषय विचारला. दिनानाथने त्याच आठवड्यात लायब्ररीतून एक पुस्तक आणलं होतं. जुन्या शिल्पांत आणि देवळांत एकच गुणोत्तर पुन्हा पुन्हा सापडतं, असं त्यात लिहिलं होतं. तो बोलून गेला, "गणेशमूर्तीतलं सुवर्ण गुणोत्तर."

प्राचार्य खूश झाले. पेण इथून हाकेच्या अंतरावर, गणपतीचं गाव, याहून चांगला विषय कुठला? दिवाळीच्या सुट्टीआधी कार्यक्रमपत्रिका छापूनही आली. दिनानाथने तोवर एकही मूर्ती मोजलेली नव्हती.

सुट्टी लागली तसा तो पट्टी, दोरा आणि कंपास घेऊन पेणला विमलबाईंच्या कारखान्यात गेला. म्हात्र्यांचा घरचा गणपती वर्षानुवर्षं तिथूनच यायचा. विमलबाईंचे यजमान सखाराम यांनी हा कारखाना काढला. ते लवकर गेले आणि विमलबाईंनी तो पुढे चालवला. आसपासचे कारखाने एकामागून एक प्लास्टरकडे वळले होते. विमलबाई मात्र अजून शाडूची माती साच्यात दाबून मूर्ती काढायच्या. दिवाळीनंतर पुढच्या वर्षाच्या कामाला सुरुवात व्हायची, तेव्हा फळ्यांवर बिनरंगाच्या, करड्या मूर्ती वाळत बसलेल्या असायच्या.

"काय मोजायचं ते मोज," विमलबाई म्हणाल्या. "पण ओल्या मालाला बोट लावू नको. आणि शांतीला बरोबर घे. ती सांगेल कुठली वाळलीय ते."

शांती त्यांची मुलगी. बारावी झालेली, आता कारखान्यातली आखणी तीच करायची. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवणं. त्या दिवसांत रंगाचं काम नव्हतं, म्हणून दिनानाथ मापं सांगायचा आणि ती लिहून घ्यायची. पहिल्या दिवशी तिने विचारलं, "सर, हे सुवर्ण गुणोत्तर म्हणजे काय?"

त्याने दोरा जमिनीवर सरळ ठेवला. "याचे दोन तुकडे करायचे. असे, की मोठा तुकडा लहानाच्या जितक्या पट, तितक्याच पट हा सबंध दोरा मोठ्या तुकड्याच्या. असं एकाच जागी कापलं तर होतं. पट येते दीडच्या थोडी पुढे. म्हणतात की ही विभागणी डोळ्याला सुंदर दिसते."

"कोण म्हणतं?"

"पुस्तक."

तिने मान डोलावली आणि पेन्सिल सरसावली.

दोन दिवस मोजूनही ती पट कुठे येईना. कपाळ आणि सोंड, पोट आणि मुकुट, गुडघ्यापासून गुडघ्याची रुंदी आणि उंची, सगळं करून पाहिलं. कुठे थोडं जास्त, कुठे बरंच कमी. तिसऱ्या दिवशी सकाळी मात्र आकडे एकदम जवळ यायला लागले. दिनानाथचा आवाजही मोकळा झाला. चार-पाच मूर्ती झाल्यावर शांती लिहायची थांबली.

"सर, काल तुम्ही कपाळ मुकुटाच्या पट्टीखालून मोजत होतात. आज मुकुटाची पट्टीही कपाळात धरताय."

दिनानाथच्या हातातला कंपास तसाच राहिला. "पट्टी धरली की उत्तर जवळ येतं," तो म्हणाला.

"मग कालचं खोडू का?"

ती खरंच विचारत होती. तिच्या आवाजात टोचणी नव्हती, म्हणूनच त्याला जास्त लागलं. वर्गात एखाद्या मुलाने उत्तराकडे बघून मधल्या पायऱ्या लिहिल्या की तो त्याला उभं करायचा.

"नको," तो म्हणाला. "आजचं खोडा."

त्या दिवशी तो दुपारीच कासूला परतला. दाजींनी विचारलं, "काय रं, तब्बेत बरी नाय?" तो म्हणाला, बरी आहे. मग ओटीवर बसून त्याने सगळी मापं पुन्हा पसरली. पुस्तकातला आकडा बाजूला ठेवून पाहिलं, तर एक वेगळीच गोष्ट दिसली. लोडाला टेकून बसलेल्या गणपतीच्या ज्या मूर्ती होत्या, त्यांच्यात एक मोठी होती आणि बाकीच्या त्याहून लहान. पण कपाळ आणि सोंडेचं नातं सगळ्यांत तेच. पोट आणि मुकुटाचंही तेच. मूर्ती लहान होती, पण कशीही लहान झालेली नव्हती. अंगाच्या प्रत्येक भागाने सारखाच हिस्सा सोडला होता.

दुसऱ्या दिवशी त्याने विमलबाईंना विचारलं, "ही मोठी कुठली?"

"ती जुन्या साच्यातली. साचा झिजला, डोळेकान बुजायला लागले, म्हणून त्यातली एक चांगली मूर्ती घेऊन तिच्यावरून नवा साचा काढला. असंच करतात सगळे."

"आणि माती वाळताना आटते."

"आटणारच की. रुपयामागे आणाभर आटते. एवढं तर शिवालासुद्धा माहीत आहे." शिवा म्हणजे माती मळणारा गडी. तो कोपऱ्यातून हसला.

दिनानाथ शांतीकडे वळला. "म्हणजे साच्यातून निघालेली मूर्ती वाळून लहान होते. तिच्यावरून काढलेला साचा तेवढाच लहान. त्यातून निघालेली मूर्ती वाळून आणखी लहान."

"आणि तिच्यावरून पुढचा साचा," शांती म्हणाली. मग ती आईकडे वळली. "आई, गुप्ते आजोबा दर वर्षी भांडतात ते खरं असेल."

विमलबाईंनी कपाळाला हात लावला.

हे गुप्ते आजोबा रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावात राहायचे. सखारामांनी हा लोडाचा गणपती पहिल्यांदा घडवला, त्या वर्षापासून त्यांच्याकडे तोच जायचा. आणि गेली कित्येक वर्षं ते मूर्ती न्यायला आले की म्हणायचे, बाई, तुम्ही मूर्ती लहान द्यायला लागलात. विमलबाई चिडायच्या. साचा तोच, माती तीच, म्हाताऱ्याला उगाच खुसपट काढायची सवय, असं त्यांनी धरून ठेवलं होतं.

"किती वेळा साचा बदलला?" दिनानाथने विचारलं.

"ते आता कोणाला आठवतंय. तीनदा असेल. चारदाही असेल. जुने साचे फुटले, टाकून दिले."

"मूळ मूर्ती?"

"ती ह्यांनी घडवली, साचा काढला आणि मोडून माती परत मळायला घेतली. तेव्हा कोण ठेवतंय?"

शांती हातातल्या मूर्तीची धूळ फडक्याने पुसत म्हणाली, "म्हणजे अप्पांनी केलेला गणपती एवढा नव्हताच. मी लहानपणापासून हाच बघत आले. अप्पा तर मला आठवतच नाहीत, निदान हा त्यांचा आहे असं वाटायचं."

"आहे त्यांचाच," दिनानाथ म्हणाला. "चेहऱ्याची सगळी मापं एकमेकांशी जशी त्यांनी बसवली तशीच आहेत. फक्त सगळा मिळून लहान झालाय."

तिला ते पटलं की नाही कळलं नाही. पण संध्याकाळी तो निघाला तेव्हा ती म्हणाली, "सर, उलटं जाता येईल का? लहानावरून मोठ्याकडे?"

उलटं जाणं सोपं होतं, फक्त किती पायऱ्या चढायच्या, म्हणजे किती साचे मागे जायचं, ते कळायला हवं होतं. कॉलेज सुरू झाल्यावर दिनानाथ एका दुपारी अष्टमीला गुप्ते आजोबांकडे गेला. आपण मूर्तीच्या उंचीबद्दल विचारायला आलो आहोत, असं त्याने सांगितलं मात्र, आजोबांनी त्याला आत नेऊन चहा दिला आणि माळ्यावरून लाकडी मखर काढायला लावलं. शिसवाचं, दोन खांब आणि वर कोरलेली महिरप.

"पहिल्या वर्षी मूर्ती आणली आणि सुताराला घरी बोलावून तिच्या मापाने हे करून घेतलं," आजोबा म्हणाले. "मुकुट आणि महिरप यांच्यात दोन बोटं जागा. जास्त नाही. आता वर एवढी पोकळी राहते की आमची सून तिथे फुलांचा झुबका टांगते."

दिनानाथने मखर मोजलं, त्यातून दोन बोटं वजा केली आणि तिथेच बसून हिशेब केला. आताच्या मूर्तीवरून दोन पायऱ्या चढलं तर कमी पडत होतं, चार चढलं तर मुकुट महिरपीच्या वर जात होता. तीन चढलं की जवळजवळ बरोबर. त्याने आजोबांना सांगितलं, "तुमचं खरं होतं. मूर्ती लहानच होत आलीय."

"हे आमच्या सुनेसमोर सांगाल का?" आजोबा म्हणाले. दिनानाथने सांगितलं.

चर्चासत्राच्या आदल्या दिवशी तो प्राचार्यांना भेटला. सुवर्ण गुणोत्तर सापडलं नाही, हे ऐकून त्यांचा चेहरा उतरला. "पत्रिकेत छापलंय हो म्हात्रे. पेपरवाले येणार आहेत. थोडंफार कुठेतरी सापडलंच असेल की."

"थोडंफार कुठेही सापडतं सर. तेच सांगणार आहे."

दुसऱ्या दिवशी विमलबाई आणि शांती सकाळच्या गाडीने रोह्याला आल्या. मांडीवर फडक्यात गुंडाळलेल्या दोन मूर्ती, एक जुन्या साच्यातली आणि एक नव्या. सभागृहात त्या मागच्या रांगेत बसल्या. दिनानाथने दोन्ही मूर्ती टेबलावर ठेवल्या आणि सुरुवातीलाच सांगून टाकलं की छापलेल्या विषयातलं गुणोत्तर आपल्याला मिळालेलं नाही. मध्येच आपण मापं वाकवायला लागलो होतो आणि एका व्यक्तीच्या लक्षात आल्यामुळे थांबलो, हेही सांगितलं. सभागृहात थोडी कुजबुज झाली. प्राचार्य चष्मा पुसू लागले. मग त्याने आटणाऱ्या मातीचं सांगितलं, पिढ्यापिढ्यांनी लहान होत जाणाऱ्या मूर्तीचं, आणि अष्टमीच्या मखराचं. फळ्यावर पायऱ्या मांडल्या तेव्हा मागच्या बाकांवरची मुलंसुद्धा पुढे वाकून बघत होती.

कोरगावकरबाईंनी विचारलं, "म्हणजे गुणोत्तर आहे, पण ते सौंदर्याचं नाही. मग कशाचं?"

"मातीचं," दिनानाथ म्हणाला.

बाई हसल्या. मग त्यांनी दुसरा प्रश्न टाकला. त्याच्या तक्त्यात उंची जेवढी आटली होती, त्याहून बैठक जरा कमी आटलेली दिसत होती. असं का? दिनानाथने तक्त्याकडे पाहिलं. हे त्याच्या ध्यानात आलंच नव्हतं. "मला माहीत नाही," तो म्हणाला. बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, "शोधा. आणि कळवा मला."

चहाच्या वेळी शांती त्याला म्हणाली, "तुम्ही माझं नाव घेतलं नाहीत ते बरं केलंत. आई घाबरली होती."

"तुम्ही नव्हतात घाबरलात?"

"मी बैठकीचा विचार करत होते."

त्यानंतर तो दर शनिवारी दुपारी पेणला जायला लागला. सांगायला कारण होतं, बैठक. दोघांनी ओल्या मूर्ती वेगवेगळ्या पाटांवर वाळवून पाहिल्या. खडबडीत पाटाला माती धरून राहते आणि बैठक तेवढी आखडत नाही, हे हळूहळू उमगलं. गुळगुळीत पाटावर राख भुरभुरवली की फरक जवळजवळ जायचा. दिनानाथने ते कोरगावकरबाईंना कळवलं.

पण शांतीच्या डोक्यात दुसरंच होतं. तिला अप्पांच्या मापाचा गणपती पुन्हा घडवायचा होता, साच्यातून नाही, हाताने. दिनानाथने कासूच्या सुताराकडून सागाच्या दोन लांब पट्ट्या तासून घेतल्या, दोन्हीकडे टोकदार, आणि मध्ये नव्हे तर एका बाजूला सरकवून स्क्रूने जोडल्या. कात्रीसारखं ते उघडलं की एका बाजूची टोकं जेवढी फाकत, त्याच्या ठरलेल्या पटीत दुसऱ्या बाजूची फाकत. लहान बाजू आताच्या मूर्तीच्या कानाला लावायची, मोठी बाजू नव्या मूर्तीचा कान केवढा ते दाखवायची. वाळताना आटेल तेवढं माप त्याने आधीच धरून ठेवलं होतं.

शांतीने ते एकदा सोंडेला लावून बघितलं, एकदा हाताला. "हे चांगलं आहे," ती म्हणाली. तिच्याकडून एवढं म्हणजे खूप होतं.

मूर्ती उभी राहायला बरेच आठवडे गेले. मोठी मापं या लाकडी कंपासाने दिली, पण बारीकसारीक काही उरलंच नव्हतं. साच्यावरून साचा काढताना बोटांची पेरं, कानाच्या पाळीची घडी, लोडाचे गोंडे असं सगळं बुजून गेलं होतं. तिथे शांती अडायची. "अप्पांनी इथे काय केलं असेल?" असं विचारायची आणि दिनानाथ म्हणायचा, मला सांगता येणार नाही. शेवटी विमलबाई एकदा म्हणाल्या, "तुझ्या हाताला येईल ते कर गो. त्यांनीही तेच केलं होतं." मग तिने पेरं आपल्या मनाने केली.

मूर्ती वाळल्यावर दिनानाथने मखराच्या मापाची पुठ्ठ्याची महिरप कापून आणली. धरून पाहिलं तर दोन बोटांच्या जागी जेमतेम अर्धं बोट. या खेपेची शाडू वेगळ्या ठिकाणची होती आणि थोडी कमी आटली होती. दिनानाथ अस्वस्थ झाला, पुन्हा हिशेब करायला बसला. शांतीने मुकुटाची निमुळती कळी पॉलिश पेपरने जरा घासली आणि म्हणाली, "झालं."

आषाढात दाजी घरच्या गणपतीचं सांगायला पेणला आले. कारखान्यात शिरले तर त्यांचा मुलगा राखेने भरलेल्या हातांनी पाट पुसत होता. ते विमलबाईंच्या शेजारी बसले.

"भात लावायला माणूस मिळत नाय आन् आमचा पोरगा तुमच्याकडं पाट पुसतो," ते म्हणाले.

"मी नाही बोलावलं. स्वतःच येतो," विमलबाई म्हणाल्या.

"त्ये मला पण दिसतंय. तुमच्या पोरीचं काय म्हणणं हाय?"

"तिला कुणी विचारलंय का अजून?"

दाजींनी मुलाकडे पाहिलं. "इतकी वर्षं आकडे शिकवतो," ते म्हणाले, "आन् एवढं इचारता येत नाय व्हय?"

दिनानाथ आत गेला. शांती आखणीला बसली होती. गणपतीच्या डाव्या डोळ्याची रेघ अर्ध्यावर होती. तिने हात न हलवता सांगितलं, "दुसरा डोळा होईपर्यंत थांबा." तो भिंतीला टेकून थांबला. तिने दोन्ही डोळे पुरे केले, कुंचला धुतला, मग वळली.

"बाहेरचं सगळं ऐकू आलं मला," ती म्हणाली.

"मग?"

"मी कारखाना सोडणार नाही. आईला एकटीला जमायचं नाही, आणि मलाही सोडायचा नाहीये."

"मलाही रोहा सोडता येणार नाही," दिनानाथ म्हणाला. "पण कासू मध्येच आहे. तुम्ही इकडची गाडी पकडाल, मी तिकडची."

तिने थोडा विचार केला. "गाडी वेळेवर येत नाही," ती म्हणाली. तो घाबरून तिच्याकडे बघायला लागला, तेव्हा तिला हसू आलं. "चालेल. पण मला ती पायऱ्यांची रीत नीट शिकवा. दर वेळी तुम्हाला विचारायचं म्हणजे कंटाळा येईल."

चतुर्थीच्या आदल्या दिवशी ते दोघं आणि शिवा मूर्ती घेऊन अष्टमीला गेले. गुप्ते आजोबांनी मखर आधीच मांडून ठेवलं होतं. मूर्ती आत सरकवली. मुकुट महिरपीखाली नीट बसला, गुडघे दोन्ही खांबांना लागतील न लागतील असे. सुनेने फुलांचा झुबका हातात घेतला होता, तो कुठे टांगावा तिला कळेना. आजोबा पुढे झाले, हात जोडले आणि मग मूर्तीच्या उजव्या हाताकडे वाकून पाहत राहिले.

"ही बोटं पूर्वी अशी नव्हती," ते म्हणाले.

शांती चटकन म्हणाली, "ती मी केली आजोबा. तिथे काही शिल्लक नव्हतं."

"हं," आजोबा म्हणाले. "छान झालीत." आणि सुनेला म्हणाले, "पेढे आण. तिघांनाही दे."

वैशाखात कासूला लग्न झालं. कोरगावकरबाईंचं कार्ड आलं, त्यात आशीर्वाद होते आणि खाली पीएच.डी.साठी नाव कधी नोंदवताय असा प्रश्न होता. नाव त्याने नोंदवलं, पुरं व्हायला मात्र फार वर्षं लागली. सकाळी दोघं स्टेशनात एकत्र जायची. तिची गाडी आधी असायची. गाडी उशिरा आली की दोघं बाकावर बसून एखादं उदाहरण सोडवायची, आणि शांतीचं उत्तर चुकलं की ती गाडी येईपर्यंत ते मान्य करायची नाही.